पान्तालोने : हसे वार्धक्याचे की सत्तेचे?

सारांश

इटालियन मुखवटानाट्यातील पान्तालोने हा वृद्ध व्हेनेशियन व्यापारी कंजूष, संशयी आणि स्त्रीलंपट पात्र म्हणून परिचित आहे. प्रस्तुत लेखात या पात्राच्या तीन अवस्थांचा तुलनात्मक विचार केला आहे : सोळाव्या-सतराव्या शतकातील व्यावसायिक मंडळ्यांनी घडवलेला पान्तालोने, अठराव्या शतकात गोल्दोनीने सुधारलेला पान्तालोने आणि इंग्लिश पँटोमाइममधील पँटलून. वेळ आली तरी हातातली सूत्रे न सोडणारी सत्ता हा या पात्राच्या हास्याचा खरा विषय आहे आणि ती सत्ता वजा केली की केवळ थकलेल्या देहाची टवाळी उरते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : कोमेदिया देल्लार्ते, पान्तालोने, व्हेनिस, साचेबंद पात्र, गोल्दोनी, हास्यमीमांसा.

प्रस्तावना

सोळाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे दोनशे वर्षे इटलीतील व्यावसायिक नटमंडळ्यांनी युरोपभर सादर केलेल्या मुखवटानाट्याला आज आपण 'कोमेदिया देल्लार्ते' या नावाने ओळखतो. हे नाव बरेच नंतरचे असून त्याचा ठळक वापर कार्लो गोल्दोनी याच्या १७५० मधील 'इल तेआत्रो कोमिको' या नाटकात आढळतो. नाट्यप्रकार मात्र त्याच्या दोन शतके आधीपासून रुजलेला होता. २५ फेब्रुवारी १५४५ रोजी पादुआ येथे आठ नटांनी आपसांत केलेला करार हा अशा मंडळीचा सर्वांत जुना उपलब्ध दस्तऐवज मानला जातो. समाईक पेटी, सामानासाठी घोडा, आजारी सोबत्याची काळजी अशी कलमे त्यात आहेत. नाटक हा पोटापाण्याचा व्यवसाय झाल्याची ही नोंद होय.

या नाट्यप्रकारात पूर्ण संहिता नसे. प्रसंगांचा आराखडा रंगमंचामागे टांगलेला असे आणि संवाद नट ऐन वेळी रचत. हे शक्य होत असे ते पात्रे ठरलेली असल्यामुळे. दोन वृद्ध, दोन-तीन नोकर, प्रेमिकांच्या जोड्या आणि एक बढाईखोर कप्तान एवढ्या भांडवलावर शेकडो कथानके उभी राहिली. त्या दोन वृद्धांपैकी एक बोलोन्याचा पढिक 'दोत्तोरे' आणि दुसरा व्हेनिसचा व्यापारी पान्तालोने.

विसाव्या शतकातील अभ्यासकांचे आणि दिग्दर्शकांचे लक्ष प्रामुख्याने नोकराच्या पात्राकडे राहिले. जोर्जो स्ट्रेलर यांनी १९४७ मध्ये मिलानच्या पिक्कोलो तेआत्रोसाठी गोल्दोनीचे 'दोन धन्यांचा नोकर' हे नाटक बसवले, तेव्हा मूळ नाटकातील त्रुफ्फाल्दिनो हा नोकर आर्लेक्किनो झाला आणि पुढे ते नाव थेट शीर्षकात गेले. पान्तालोनेच्या वाट्याला मात्र बहुधा 'कंजूष म्हातारा' ही दोन शब्दांची व्याख्याच आली. आपल्या समीक्षेत 'साचेबंद' किंवा 'ठोकळेबाज' हे शब्द दोषदर्शक म्हणूनच वापरले जातात. पान्तालोनेचा साचा कशाचा बनला होता आणि तो मोडला तेव्हा काय हाती लागले, हे पाहिल्यास या शब्दांचा पुनर्विचार करावा लागतो.

पात्राची घडण

पान्तालोनेचे जुने नाव 'माग्निफिको' असे आहे. व्हेनिसमधील उमरावांना उद्देशून वापरले जाणारे हे आदरार्थी संबोधन होते. 'पान्तालोने' हे नाव व्हेनिसमध्ये लोकप्रिय असलेल्या संत पान्तालेओने याच्यावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. जिंकलेल्या भूमीवर व्हेनिसचे सिंहचिन्ह 'रोवणारा' अशीही एक व्युत्पत्ती सांगितली जाते. ती लोकव्युत्पत्ती असली, तरी लोकांना हे पात्र प्रजासत्ताकाच्या राजकीय वैभवाशी जोडावेसे वाटले, ही बाब अर्थपूर्ण आहे. पुढे त्याला 'दे बिझोन्योझी' असे आडनाव जोडले गेले. त्याचा अर्थ 'गरजवंतांच्या घराण्यातला'. धनाढ्य व्यापाऱ्याला गरजवंतांचे आडनाव देण्यात या पात्राचे सारे मर्म आले आहे.

त्याचा वेष प्रारंभापासून जवळजवळ निश्चित होता. १५६८ मध्ये म्यूनिक येथे बव्हेरियाच्या राजपुत्राच्या विवाहसोहळ्यात झालेल्या प्रयोगाचे वर्णन मास्सिमो त्रोयानो याने लिहून ठेवले आहे. त्यात माग्निफिको किरमिजी अंगरखा, लाल तंग विजार आणि जमिनीपर्यंत पोहोचणारा काळा झगा घालून, तोंडावर मुखवटा चढवून प्रवेश करतो. कमरेची थैली, खंजीर, पायांतील तुर्की सपाता, आकडेबाज नाकाचा तपकिरी चामडी अर्धमुखवटा आणि पुढे आलेली टोकदार दाढी हे तपशील सोळाव्या शतकाच्या अखेरच्या चित्रांतून दिसतात. त्याची भाषा व्हेनिसची बोली, तर त्याचा नोकर झान्नी हा बेर्गामोच्या डोंगराळ भागातून पोटासाठी शहरात आलेला. धनी-नोकरातील अंतर प्रेक्षकाला त्यांच्या बोलींवरूनच कळत असे.

पिएर मारिया चेक्किनी या अनुभवी नटाने १६२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या भूमिकेचे गांभीर्य टिकवण्यावर भर दिला आहे. भूमिका मुळात भारदस्त आहे, हास्य तिच्यात मिसळायचे आहे, असा त्याच्या विवेचनाचा रोख आहे. आन्द्रेआ पेर्रुच्ची याच्या १६९९ मधील ग्रंथात वृद्धांच्या भूमिकांसाठी मुलाला करावयाचा उपदेश, त्याला द्यावयाचे शाप अशा तयार भाषणांचा विचार आहे. विदूषकाला उपदेश आणि शाप यांची गरज नसते. ती कुटुंबप्रमुखाची शस्त्रे आहेत. नटांच्या दृष्टीने पान्तालोने हा प्रथम अधिकारी पुरुष होता आणि त्यानंतर हास्यास्पद वृद्ध.

वृद्धांचे प्रजासत्ताक

रोमन सुखान्तिकेत, विशेषतः प्लाउतुसच्या नाटकांत, चिडका, कवडीचुंबक किंवा प्रेमवेडा म्हातारा आढळतो आणि पान्तालोनेचे मूळ तेथे दाखवण्याची प्रथा आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. पान्तालोनेचे गाव निश्चित आहे आणि त्या गावाची राज्यव्यवस्थाही.

व्हेनिसचे प्रजासत्ताक हे वृद्धांचे राज्य होते, याकडे रॉबर्ट फिनले यांनी १९७८ मध्ये एका अभ्यासलेखातून लक्ष वेधले. राज्यप्रमुख दोजे याची निवड तहहयात असे आणि निवड होते वेळी तो बहुधा आयुष्याच्या उत्तरार्धात पोहोचलेला असे. १५७१ च्या लेपान्तोच्या आरमारी लढाईत व्हेनिसचे नेतृत्व करणारा सेबास्तिआनो व्हेनिएर त्या वेळी पंच्याहत्तरीच्या घरात होता. १५७७ मध्ये तो दोजे झाला तो ऐंशीच्या उंबरठ्यावर. त्याच्या मागून १५७८ मध्ये निवडला गेलेला निकोलो दा पोन्ते त्याच्याहूनही वयाने मोठा होता. ज्या दशकांत पान्तालोने इटलीभर लोकप्रिय होत होता, नेमक्या त्याच दशकांतील ही उदाहरणे आहेत. व्हेनिसमध्ये वार्धक्य ही राज्य करण्याची पात्रता होती.

याच काळात त्या सत्तेखालची जमीन सरकत होती. १४७० मध्ये नेग्रोपोन्ते हे बेट तुर्कांनी घेतले. पान्तालोनेचा काळा झगा या पराभवाच्या सुतकाचा आहे, अशी एक पारंपरिक समजूत आहे. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले. मिऱ्यांच्या व्यापारावर व्हेनिसचे वैभव उभे होते आणि जिरोलामो प्रिउली याच्या रोजनिशीत या बातमीने उडालेल्या घबराटीचे प्रतिबिंब आहे. प्रत्यक्षात व्हेनिसचा मसाल्याचा व्यापार लगेच बुडाला नाही. सोळाव्या शतकाच्या मध्यास तो पुन्हा सावरला. तथापि १५७३ च्या तहाने सायप्रसवर पाणी सोडावे लागले आणि उमराव घराण्यांचे भांडवल हळूहळू समुद्राकडून जमिनीकडे वळले. जोखीम पत्करून मिळवणाऱ्यांची जागा मिळवलेले राखून ठेवणाऱ्यांनी घेतली. पान्तालोनेच्या थैलीची गाठ या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. त्याच्या कंजूषपणात स्वभावदोषाबरोबर एका वर्गाचे भयही आहे.

हे भय घरात शिरण्याचा मार्ग म्हणजे हुंडा. व्हेनिसमध्ये हुंड्याच्या रकमा इतक्या वाढल्या होत्या, की शासनाने १४२० मध्ये १,६०० डुकाट आणि १५०५ मध्ये ३,००० डुकाट अशा मर्यादा घातल्या. पहिली मर्यादा पाळली गेली असती, तर जवळजवळ दुप्पट रकमेची दुसरी घालण्याची वेळच आली नसती. संपत्तीची वाटणी टाळण्यासाठी अनेक उमराव घराण्यांत एखाद्याच मुलाचा विवाह होई आणि हुंडा न परवडणाऱ्या मुली मठात जात. या वस्तुस्थितीत मुलीचे लग्न ठरवणारा पान्तालोने हा केवळ प्रेमिकांच्या आड येणारा खाष्ट बाप राहत नाही. मुलगी, हुंडा आणि घराण्याचे नाव या तिन्हींच्या किल्ल्या त्याच्या कमरेला आहेत.

कथानकातील स्थान

फ्लामिनिओ स्काला याने १६११ मध्ये पन्नास आराखड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. व्यावसायिक मंडळीच्या नटाने असे आराखडे छापण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होता. त्यातील 'इल व्हेक्यो जेलोझो' म्हणजे 'मत्सरी म्हातारा' हा आराखडा प्रस्तुत चर्चेत महत्त्वाचा आहे. तरुण पत्नी इझाबेला हिच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा करणारा पान्तालोने शेवटी एका बंद दाराबाहेर स्वतःच राखण करीत उभा राहतो आणि आत इझाबेला आपल्या प्रियकराला भेटते. बाहेर आल्यावर तिचा घाम तोच पुसतो. आपल्या हक्काचे रक्षण आपणच करीत आहोत, या समजुतीत तो ज्या गोष्टीला भीत होता तिचाच पहारेकरी होतो. अखेरीस त्याला इझाबेलावरचा हक्क सोडावा लागतो.

येथे हसे कशाचे होते? तो म्हातारा आहे एवढेच कारण असते, तर प्रसंग क्रूर झाला असता. मालकी हेच त्याचे आंधळेपण असल्यामुळे प्रसंग हास्यकारक होतो. आंरी बर्गसाँ यांच्या १९०० मधील मीमांसेनुसार जिवंत माणसात यांत्रिक ताठरपणा दिसला की समाज हसतो आणि त्या हसण्याने तो ताठरपणा सैल करू पाहतो. पान्तालोनेला ही मीमांसा चपखल बसते. मात्र ती एका टप्प्यावर थांबते. कप्तानही ताठर आहे, दोत्तोरेही ताठर आहे. पण त्यांचा ताठरपणा सैल झाल्याने कोणाचे लग्न होत नाही की कोणाला वारसा मिळत नाही. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात वाट अडवणारा वृद्ध हा जुन्या समाजाचा प्रतिनिधी असतो आणि सुखान्तिकेचा शेवट नव्या समाजाच्या स्थापनेत होतो. या दोन्ही मीमांसा एकत्र ठेवल्यास पान्तालोनेचे स्थान स्पष्ट होते. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही आहे, असे या नाट्यातील प्रमुख पात्र तेच आहे. म्हणूनच कथानकाची सारी गती त्याच्या मुठीभोवती फिरते.

या संदर्भात नटाच्या देहाचाही विचार करणे आवश्यक आहे. १५६८ च्या म्यूनिक येथील प्रयोगात माग्निफिकोची भूमिका करणारा विख्यात संगीतकार ओर्लान्दो दि लास्सो तेव्हा पस्तिशीच्या आसपास होता. पान्तालोने वाकून चालतो, पण वाईट बातमी कानी येताच उताणा कोसळतो, तरुणी दिसताच उडी मारतो, नोकराच्या मागे धावतो. हे सर्व करण्यास कसलेला देह लागतो. म्हाताऱ्याच्या मुखवट्याखाली तरुण स्नायू काम करीत असल्यामुळे प्रेक्षकाला खऱ्या वृद्धाच्या पडण्यावर हसावे लागत नव्हते. मुखवट्याने वार्धक्याला एक अंतर दिले आणि त्या अंतरामुळे हास्याचा रोख देहावरून अधिकाराकडे वळला.

मोलिएरची शाखा

पॅरिसमध्ये १६५८ पासून मोलिएरची मंडळी आणि तिबेरिओ फिओरिल्ली याची इटालियन मंडळी पेती-बूर्बों येथील रंगमंच वाटून घेत. 'लाव्हार' (१६६८) या नाटकाचे मूळ प्लाउतुसच्या 'आउलुलारिआ' या नाटकात असल्याचे सर्वमान्य आहे. तथापि बाप आणि मुलगा एकाच तरुणीचे इच्छुक असणे हा त्यातील मध्यवर्ती पेच 'आउलुलारिआ'त नाही. इटालियन आराखड्यांत मात्र तो पान्तालोनेच्या नित्य परिचयाचा आहे. आर्पागों हा पान्तालोनेचा मुखवटा उतरवलेला फ्रेंच वारस आहे, असे म्हणता येईल. आचार्य अत्रे यांचे 'कवडीचुंबक' हे 'लाव्हार'चेच मराठी रूपांतर असल्याने या वंशवृक्षाची एक फांदी मराठी रंगभूमीपर्यंत पोहोचली आहे.

गोल्दोनीची सुधारणा आणि तिचा उलटा प्रवास

गोल्दोनी (१७०७-१७९३) हा स्वतः व्हेनिसचा. मुखवट्यामुळे नटाच्या चेहऱ्यावरील भाव झाकले जातात, ही त्याची मुख्य तक्रार होती. चेझारे दार्बेस या पान्तालोने करणाऱ्या नटासाठी त्याने १७४८ मध्ये 'लुओमो प्रुदेन्ते' लिहिले. त्यात पान्तालोने घरातील गंभीर अपराध संयमाने झाकून कुटुंब सावरणारा शहाणा गृहस्थ आहे. १७४८-४९ च्या हंगामातील 'ला पुत्ता ओनोराता' मध्ये तो बेत्तिना या अनाथ मुलीचा पाठीराखा आहे. तिच्याशी विवाह करण्याची इच्छा त्यालाही आहे, पण तिचे मन दुसरीकडे आहे हे कळल्यावर तो मागे सरतो. लंपटपणाची जुनी भूमिका येथे एका उमरावाकडे गेली आहे.

या बदलामागची भूमिका उघड आहे. उमराव वर्ग निष्क्रिय झालेला असताना प्रामाणिक, कष्टाळू व्यापारी हाच समाजाचा कणा होय, असे गोल्दोनीला सुचवायचे होते. तो ज्याची प्रतिष्ठा वाढवू पाहत होता, त्याच वर्गाचा प्रतिनिधी रंगमंचावर लाथा खात होता. म्हणून त्याने पान्तालोनेला अधिकार ठेवू दिला आणि हास्यास्पदता काढून घेतली. परिणामी पात्र आदरणीय झाले, पण त्याच्यातील नाट्य क्षीण झाले. अधिकार आणि विवेक एकाच माणसात नांदू लागल्यावर संघर्षाला बाहेरून कारण आणावे लागते.

गोल्दोनीला ही उणीव जाणवली असावी, असे त्याच्या पुढील लेखनावरून वाटते. १७६० मधील 'इ रुस्तेगी' मध्ये चार खडूस गृहस्थ आहेत. त्यांपैकी लुनार्दो आपल्या मुलीचे लग्न ठरवतो, पण वधूवरांनी विवाहापूर्वी एकमेकांना पाहूही नये असा त्याचा हट्ट आहे. १७६२ मधील 'सिओर तोदेरो ब्रोन्तोलोन' मध्ये वृद्ध तोदेरो घरातल्या बारीकसारीक खर्चावरही नजर ठेवतो, नातीचे लग्न परस्पर ठरवतो, आणि त्याचा वयस्क मुलगा त्याच्यापुढे तोंड उघडू शकत नाही. या दोन्ही नाटकांत पान्तालोने हे नाव नाही, मुखवटाही नाही. तरीही हे पुरुष कोण आहेत, हे व्हेनिसच्या प्रेक्षकाला सांगावे लागले नसेल. सुमारे बारा वर्षांपूर्वी अधिकार आणि हास्य यांची जी फारकत गोल्दोनीने केली होती, तीच त्याने येथे मागे घेतली. मुखवटा नको होता, पण मुखवट्याने साठवून ठेवलेले सामाजिक ज्ञान त्याला हवेच होते. साचेबंद पात्राविषयीचा हा महत्त्वाचा धडा आहे.

इंग्लिश पँटलून : सत्तेविना वार्धक्य

याच्या नेमकी उलट प्रक्रिया इंग्लंडमध्ये घडली. शेक्सपिअरच्या 'ॲज यू लाइक इट' मध्ये मानवी आयुष्याच्या सात अवस्थांचे जे विवेचन येते, त्यातील सहाव्या अवस्थेला पँटलूनचेच नाव दिले आहे. येथे या नावाचा अर्थ बदलला आहे. व्हेनिस गेले, व्यापार गेला, मुलीच्या लग्नाचा अधिकार गेला. शिल्लक राहिले ते एक वय.

अठराव्या शतकात इंग्लिश पँटोमाइममध्ये हार्लेक्विन, कोलंबाइन आणि पँटलून स्थिरावले. १८०६ मध्ये कॉव्हेंट गार्डनला झालेल्या 'मदर गूज' च्या प्रयोगात अव्हारो नावाच्या कंजूष पालकाचे पँटलूनमध्ये रूपांतर होते आणि जोसेफ ग्रिमाल्डी हा विदूषकाच्या भूमिकेत सारा प्रयोग आपल्याभोवती फिरवतो. पँटलून नावापुरता पालक असतो. पळणाऱ्या प्रेमिकांचा पाठलाग करणे, पडणे, विदूषकाचा मार खाणे एवढेच त्याचे काम. त्याच्या हातून कोणी काही हिरावून घेत नाही, कारण त्याच्या हाती विशेष काही उरलेलेच नाही. एकोणिसाव्या शतकात तर विदूषकाचा खुळचट सोबती एवढीच त्याची ओळख राहिली. गोल्दोनीने अधिकार राखून हास्य वजा केले. येथे हास्य राखून अधिकार वजा झाला आणि त्या हास्यात कडवटपणा शिरला. मोडकळीला आलेल्या देहावर हसण्यात कोणाचीही सुटका होत नाही.

पात्र विसरले गेले, पण त्याच्या पायांतील विजार जगभर गेली. त्याच्या नावावरून फ्रेंच व इंग्रजी भाषांत विजारीला नाव मिळाले आणि इंग्रजीमार्फत ते मराठीत 'पाटलोण' होऊन आले. हा शब्द उच्चारताना त्यामागच्या व्हेनेशियन व्यापाऱ्याची आठवण कोणालाही होत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पान्तालोने हे पात्र अधिकार आणि हास्यास्पदता यांच्या संयोगातून उभे राहते. यांपैकी कोणताही एक घटक वगळला की पात्र एक तर आदर्श गृहस्थ होते किंवा केविलवाणा म्हातारा. दुसरी, हा संयोग व्हेनिसच्या वृद्धसत्ताक राज्यव्यवस्थेत, घटत्या जोखमीच्या अर्थकारणात आणि हुंड्याच्या प्रश्नात रुजलेला होता. केवळ प्लाउतुसच्या वारशाने त्याचा उलगडा होत नाही. तिसरी, साचेबंद पात्र हे नेहमीच कल्पनाशक्तीच्या दारिद्र्याचे लक्षण नसते. अनेक नटांच्या पिढ्यांनी समाजाविषयी मिळवलेले ज्ञान त्यात साठलेले असू शकते आणि गोल्दोनीसारख्या साचा मोडणाऱ्या लेखकालाही त्याकडे परतावे लागते.

याचा एक व्यावहारिक अर्थही आहे. विनोदी नाटकातील वृद्ध पात्र वर्गात शिकवताना किंवा रंगमंचावर बसवताना त्याच्या हातात काय आहे, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. घराची किल्ली, संस्थेची सूत्रे, मुलांच्या विवाहाचा निर्णय यांपैकी काही त्याच्या मुठीत असेल, तर त्याच्यावरील हास्य हे दुर्बळांनी सबळाकडे मागितलेले उत्तर असते. मूठ रिकामी असेल, तर आपण केवळ त्याच्या थरथरत्या हाताला हसत असतो. पान्तालोनेच्या नटांनी मुखवटा, थैली आणि चपळ देह यांच्या साहाय्याने हा भेद शतकानुशतके सांभाळला. तो सांभाळणे हे आजच्या विनोदी नाट्यलेखनाचे आणि त्याच्या समीक्षेचेही उत्तरदायित्व आहे.